रोज बायबल वाचतो पण आता काहीच पोचत नाही, काय करावं?

रोजचे ठरलेले अध्याय उरकणं महिनाभर बंद करा आणि एकच छोटं पुस्तक घेऊन तेच ते मोठ्यानं वाचा, रूथपासून सुरू करा, ४ अध्याय आणि फक्त ८५ वचनं. सोलापुरात आमच्या घरगुती प्रार्थना ग्रुपमध्ये आम्ही हेच केलं, कारण पाठ झालेल्या मजकुरावर डोळे नुसते घसरतात, कानाला मात्र शब्द अडतो. आम्ही अडलो 'सरवा' वर. ज्वारीची काढणी बघितलेल्या एका मावशी म्हणाल्या, अहो सरवा म्हणजे मालकाचं काढून झाल्यावर रानात पडलेली कणसं, ती गरिबानं वेचायची, आणि इथं शेतमालक बवाज गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून मुद्दाम थोडं काढून टाका, सरवा वेचणाऱ्या रूथला धमकावू नका. बायबलमध्ये त्याआधी येणाऱ्या लेवीय पुस्तकाच्या १९व्या अध्यायात शेताच्या कडा कापू नका असा नियम आहे, तो मी कितीदा वाचला असेन पण कायद्याचं कलम वाटून पुढे गेलेलो, रूथनंतर परत वाचला तर त्यात माणसं दिसायला लागली. आणि नवरा-मुलं गमावलेली रूथची सासू नामी, जी म्हणते मला आता 'मारा' म्हणा, म्हणजे कडू, तिला कुणी गप्प बसवत नाही हेही बघा.

फक्त एक, घरात दुःख झालंय किंवा मनच उदास आहे म्हणून वाचवत नसेल तर ही युक्ती पुरणार नाही, तेव्हा पाळकांशी बोला, गरज वाटली तर डॉक्टरशीपण, त्यात विश्वास कमी पडला वगैरे काही नसतं.