सीबीसीत (रक्तातल्या पेशी मोजायच्या तपासणीत) पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे प्रतिकारशक्ती वाढली का? आणि या पेशी जंतू ओळखतात तरी कशा?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. "पेशी वाढल्या म्हणजे प्रतिकारशक्ती वाढली" हेच आमच्या घरात ठणकावून बोललं गेलं होतं आणि त्यापायी एका माणसाचा पाय जायची वेळ आली होती, म्हणून मीही ठणकावूनच सांगते.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर रक्ताच्या स्लाइड बघणं हेच माझं काम.

आधी ओळखण्याचं सांगते. पहिल्या फळीतल्या पांढऱ्या पेशीला जंतूचं नाव-गाव कळत नाही. ही वस्तू आपल्या शरीरात बनत नाही, एवढंच तिला कळतं. जिवाणूंच्या भिंतीत जे रेणू असतात ते माणसाच्या पेशीत कुठेच नसतात, आणि ते पकडायला पेशीवर रिसेप्टर, म्हणजे खुणा पकडणारे रेणू, असतात. 1996 मध्ये झूल हॉफमन यांच्या गटाने दाखवलं की टोल नावाचं जनुक बिघडलेल्या फळमाश्या बुरशीच्या संसर्गाने मरतात. 1998 मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटाला उंदरात तसाच रिसेप्टर सापडला, तो काही जिवाणूंच्या भिंतीतलं एंडोटॉक्सिन हे विष ओळखतो. दोघांना 2011 चं नोबेल मिळालं. दुसरी खूण मला जास्त आवडते. जिवाणूंची प्रथिनं फॉर्माइल ही रासायनिक खूण लावलेल्या मेथिओनिन या अमिनो आम्लाने सुरू होतात. त्याचे तुकडे जखमेतून पसरले की न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू गिळणारी पांढरी पेशी, त्या वासाच्या मागावर निघतो. रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतो, दोन पेशींच्या फटीतून अंग चोरून बाहेर पडतो, जंतू गिळतो आणि आत हायपोक्लोरस आम्ल तयार करून त्याला मारतो. त्या कामाचं एन्झाइम हिरव्या रंगाचं असतं, म्हणून तर पू हिरवट दिसतो.

आता आमच्या घरातलं. सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. कित्येक वर्षांची शुगर, पायाला संवेदना जवळपास नाही. तोडणी झालेल्या उसाच्या रानात अनवाणी गेले आणि खोडकं अंगठ्याच्या बाजूला घुसलं. दुखलंच नाही, त्यामुळे कुणाला सांगितलंही नाही. लक्षात आलं तेव्हा पाऊल घोट्यापर्यंत लाल, चकचकीत झालेलं आणि जांघेत अवधाण आलेलं, म्हणजे गाठ सुजलेली. मी घरीच रक्त काढलं आणि लॅबला नेलं. मशीनने पांढऱ्या पेशी 23,800 दाखवल्या. निरोगी माणसात त्या 4,000 ते 11,000 असतात.

माझे दीर प्रतिकारशक्ती वाढवायच्या पावडरी विकतात. रिपोर्ट फोनवर बघून म्हणाले, "बघा वहिनी, पेशी दुपटीनं वाढल्यात. माझा काढा लागू पडलाय. आता दवाखान्यात नेऊन अँटिबायोटिक घालायचं आणि सगळं मातीत घालायचं का?" घरातली निम्मी माणसं त्यांच्या बाजूने. भाऊजींचा आवाज मोठा, आणि मी सून.

मी स्मिअर केला, म्हणजे रक्ताचा थेंब काचेवर पातळ पसरवला, लीशमन रंगाने रंगवला आणि ऑइल लेन्सखाली धरला. निरोगी न्यूट्रोफिलच्या केंद्रकाला तीन ते पाच पाकळ्या असतात आणि दाणे बारीक, फिकट. आबांच्या स्लाइडवर जागोजागी घोड्याच्या नालासारखं वळलेलं, पाकळ्या न पडलेलं केंद्रक होतं. याला बँड पेशी म्हणतात, म्हणजे अजून पिकायच्या पेशी. मागणी एवढी वाढली होती की अस्थिमज्जेने कच्चा मालही बाहेर काढला होता. पिकलेल्या पेशींत जाड, काळपट जांभळे दाणे, टॉक्सिक ग्रॅन्युल्स. मध्येच पांढरी भोकं. हे सगळं जोराच्या संसर्गाचं लक्षण. मी स्लाइड आमच्या डॉक्टरांना दाखवली, यजमानांना फोन केला आणि म्हटलं गाडी काढा, कुणाला विचारू नका.

शुगर 400 च्या वर होती. सर्जननी पाऊल उघडून पू काढला, शिरेतून अँटिबायोटिक दिलं. अंगठा काढावा लागला, पाय वाचला. भाऊजी आजही पाहुण्यांना सांगतात की काढ्याने पेशी वाढल्या म्हणून आबा तरले.

तर भाऊजींना आणि तुम्हालाही सांगते. काउंट म्हणजे रक्तात किती पेशी फिरताहेत, एवढंच. त्या काम किती करतात हे त्या आकड्यात नसतं. शुगर वाढलेली असली की न्यूट्रोफिल हलतो मंद आणि मारतोही कमी. आबांच्या पायात पेशी ढिगाने होत्या आणि पू तरीही वर चढत होता. रक्ताच्या कर्करोगात काउंट लाखाच्या वर गेलेला मी बघितलाय. ती माणसं साध्या संसर्गानेही दगावतात. ती प्रतिकारशक्ती म्हणायची का?

आणि "वाढवायची" म्हणजे नेमकं काय वाढवायचं? सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्ग अंगभर भिनतो तेव्हा, माणूस जंतूइतकाच स्वतःच्या बेफाम प्रतिसादानेही जातो. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात प्रतिकारशक्तीच्या पेशीच स्वतःचे सांधे खातात. त्यांना आवर घालणाऱ्या नियामक टी पेशींच्या कामासाठी 2025 चं नोबेल दिलं गेलं, यावरून आवर घालणं किती महत्त्वाचं आहे ते कळेल.

टी आणि बी पेशींचं (याही पांढऱ्या पेशीच) थोडक्यात: डेंड्रायटिक पेशी ही निरोप्या पेशी जंतूचे तुकडे घेऊन जांघेत, काखेत असतात तशा गाठीत जाते, तिथे तो तुकडा जुळणारी टी पेशी सापडली की तिची संख्या वाढत जाते, बी पेशी अँटिबॉडी, म्हणजे जंतूला चिकटणारी प्रथिनं, बनवू लागतात. अवधाण येतं ते याच गडबडीमुळे. याला दिवस लागतात, तोवर न्यूट्रोफिलनेच खिंड लढवायची. ओळख आधीच करून देणारी खात्रीची गोष्ट एकच, लस. आबांना धनुर्वाताचं इंजेक्शनही भाऊजींनी "कशाला" म्हणत लांबवलं होतं.

मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही, आमच्याकडे हळद-दूध रोज होतं. पण गुळवेल निरुपद्रवी आहे असं कुणी सांगितलं तर 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी ती घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवलेत, हेही कानावर असू द्या. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता, हेही खरं.

अजून एक राहिलं. काउंट वाढला म्हणजे संसर्गच, असंही धरू नका. स्टिरॉइडने वाढतो, गरोदरपणात वाढतो, मोठ्या मारानेही वाढतो, कारण आपल्या मायटोकॉन्ड्रियातही ती फॉर्माइलची खूण असते आणि पेशी फुटल्या की न्यूट्रोफिल तिकडेही धावतो. उलट टायफॉइड, डेंग्यूत काउंट बऱ्याचदा उतरतो, आणि जोराचा संसर्ग असताना तो 4,000 च्या खाली गेला तर मी जास्त घाबरते. म्हणून आकडा विचित्र आला तर लॅबला पेरिफेरल स्मिअर बघायला सांगा आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. घरात शुगरचं माणूस असेल तर रोज रात्री त्यांचे तळपाय उजेडात धरून बघा, त्यांना दुखत नसलं तरीही.