वाचकांचे प्रश्न : आठ व्होल्ट आहेत, मग बल्ब का पेटत नाही?

प्रश्न : दुर्बीण कुणाची, गॅलिलिओची की लिपरशेची? दोन पुस्तकांत दोन उत्तरं मिळाली.

उत्तर : लिपरशेचं नाव लिहा. हान्स लिपरशे हा नेदरलँड्समधला चष्मे करणारा कारागीर. त्याने ऑक्टोबर 1608 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. तो नामंजूर झाला, कारण त्याच सुमारास इतरही दावेदार पुढे आले आणि दोन भिंगं नि एक नळी एवढ्या सामानाची नक्कल कुणालाही जमण्यासारखी होती. गॅलिलिओने 1609 मध्ये बातमी ऐकून स्वतः भिंगं घासली, मोठं करून दाखवण्याची क्षमता सुमारे वीसपटीपर्यंत नेली आणि जानेवारी 1610 मध्ये गुरूचे उपग्रह पाहिले. उपग्रहांचा शोध त्याचा, दुर्बिणीचा नव्हे.

प्रश्न : तांब्याच्या आणि जस्ताच्या चकत्या, मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशा 12 जोड्या रचून व्होल्टाची चवड केली. मल्टिमीटर 8 व्होल्ट दाखवतो, पण टॉर्चचा 2.5 व्होल्टचा बल्ब मिणमिणतसुद्धा नाही. थोड्या वेळाने व्होल्टेजही उतरतं. कुठे चुकलं?

उत्तर : रचना बरोबर आहे, नाहीतर 8 व्होल्ट आलेच नसते. मिठाच्या पाण्यात तांबं-जस्ताच्या एका जोडीचे 0.7 ते 0.8 व्होल्ट मिळतात. 12 जोड्यांचे साधारण एवढेच व्हायला हवेत. अडचण करंटची आहे. व्होल्टेज मोजताना मल्टिमीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, म्हणून चवडीचा अंतर्गत रोध, म्हणजे करंटला आतूनच होणारा अडथळा, लपून राहतो. मीटर मिलीअँपिअरवर लावून चवडीच्या दोन्ही टोकांना क्षणभर जोडा. समजा 20 मिलीअँपिअर आले, तर 8 भागिले 0.02, म्हणजे 400 ओहम रोध चवडीच्या पोटातच आहे. बल्बला 200 ते 300 मिलीअँपिअर लागतात. ते येणार कुठून?

जोड्या वाढवू नका. 12 च्या 24 केल्या की व्होल्टेज दुप्पट आणि रोधही दुप्पट, करंट होता तिथेच. चकतीचा व्यास दुप्पट केलात तर क्षेत्रफळ चौपट होतं आणि रोध साधारण पाव. जाड पुठ्ठ्याऐवजी टिपकागदाचे एक-दोन पदर घेतले तरी फरक पडतो. तरीही टॉर्चच्या बल्बचा हट्ट सोडलेला बरा. लाल एलईडी घ्या : तिला 2 व्होल्टच्या आसपास आणि दोन-तीन मिलीअँपिअर पुरतात. वेगळा रोध जोडायची गरज नाही, ते काम चवडीचा आतला रोधच करतो. एलईडीचा लांब पाय धन टोकाला लावा. तांबं, कागद, जस्त, पुन्हा तांबं अशी तुमची रचना असेल तर धन टोक तांब्याचं. जुन्या आकृत्यांवर मात्र विसंबू नका. दोन धातूंच्या नुसत्या स्पर्शाने वीज निर्माण होते असं व्होल्टा मानत असे, त्यामुळे 1800 सालच्या त्याच्या चवडीत दोन्ही टोकांना एकेक जादा चकती असे. ती निरुपयोगी होती, पण तिच्यामुळे टोकांची ओळख उलटी होते.

आता व्होल्टेज का उतरतं ते. पहिला संशयित म्हणजे बाहेर ओघळलेलं पाणी. वरच्या वजनाने पुठ्ठा पिळला जातो, पाणी कडेने खाली येतं आणि शेजारच्या जोड्या आपसात शॉर्ट होतात. पुठ्ठा चकतीपेक्षा दोन-तीन मिलीमीटर लहान कापा, भिजवून निथळू द्या, चकत्यांच्या कडा पुसून कोरड्या करा. 100 मिलिलिटर पाण्याला दोन चहाचे चमचे मीठ भरपूर झालं. दुसरं कारण तांब्यावर साचणारे हायड्रोजनचे बुडबुडे. करंट ओढला की ते वाढतात आणि रोधही वाढतो. चवड सोडवून तांबं पुसलं की करंट परत वर येतो, यावरून कारण ओळखता येतं. हाच दोष डॅनियलने 1836 मध्ये घालवला : तांबं मोरचुदाच्या द्रावणात ठेवलं, म्हणजे त्यावर हायड्रोजनऐवजी तांबंच जमतं.

जस्ताच्या चकत्या म्हणून मुलामा दिलेले वॉशर वापरले असतील, तर ते पॉलिश कागदाने घासू नका. मुलामा गेला की खालचं लोखंड उघडं पडतं आणि त्या जोडीचं व्होल्टेज घसरतं.

प्रश्न : पेनिसिलिन बुरशीचंच, मग पावावरची हिरवी बुरशी जखमेला चालेल का? आणि 1928 चा शोध रुग्णापर्यंत पोहोचायला 1941 का उजाडलं?

उत्तर : चालणार नाही. प्रत्येक हिरवी बुरशी पेनिसिलिन बनवत नाही, काही जाती विषारी द्रव्यं सोडतात, आणि योग्य जात सापडली तरी तिच्यातलं प्रमाण अत्यल्प असतं.

उशिराचं कारणही तेच. 1928 मध्ये फ्लेमिंगला बुरशीचा जंतूंवरचा परिणाम दिसला, पण द्रव्य शुद्ध करता आलं नाही. ते आम्लात आणि उष्णतेत पटकन नासतं. ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी वाट काढली. बुरशीखालचं द्रव गार करून आम्लधर्मी करायचं, लगेच पेनिसिलिन सेंद्रिय द्रावकात ओढून घ्यायचं आणि तिथून ते पुन्हा जवळजवळ उदासीन पाण्यात आणायचं. ही परतीची पायरी हीटलीची. फेब्रुवारी 1941 मध्ये पहिला रुग्ण, एक पोलीस, सुधारू लागला. साठा अपुरा असल्याने त्याच्या लघवीतून औषध परत मिळवून टोचलं जात होतं, तरी ते संपलं आणि तो दगावला. पुढे अमेरिकेत मक्याच्या स्टार्च उद्योगातलं उरलेलं पाणी खाद्य म्हणून वापरलं, एका खरबुजावरची अधिक उत्पादक जात मिळाली आणि बुरशी खोल टाक्यांत हवा सोडून वाढवली, तेव्हा कुठे औषध पुरेसं होऊ लागलं.