पिवळा काठ गेला कुठे?

प्रश्न : पिवळ्या काठाच्या स्नेक प्लांटचं पान कापून लावलं. नवं रोप निव्वळ हिरवं आलं. माती चुकली का?

उत्तर : माती नाही, पद्धत चुकली. तुमच्या रोपाची जात ‘लॉरेंटी’ : मध्ये गडद-फिकट हिरवे आडवे पट्टे, कडेला पिवळी किनार. पानाच्या तुकड्यातून फुटणारा कोंब आतल्या हिरव्या पेशींतून येतो, म्हणून किनार हरवते. स्नेक प्लांटच्या ‘गोल्डन हानी’ या बुटक्या जातीचंही तेच.

किनार हवी तर गड्डाच विभागा. 2-3 पानं आणि थोडी मुळं असलेला तुकडा स्वच्छ सुरीनं कापा, 2 दिवस सावलीत सुकवा. निम्मी माती, निम्मी जाड वाळू घ्या. पहिलं पाणी आठवड्यानं. पावसाळ्यात हात आखडताच ठेवा. बुंध्याशी पान मऊ पडून वास आला, की कूज लागलीच समजा.