गणिताच्या पदवीसाठी कर्ज काढणं परवडतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गणित आवडतं, तीन वर्षांच्या पदवीसाठी कर्ज काढावं लागेल, आणि घरचे म्हणतात त्यापेक्षा कॉम्प्युटर सायन्स घे. माझ्या मते ही पदवी परवडू शकते, पण नुसतं गणित घेऊन बाहेर पडलात तर बहुधा नाही.

आधी खर्च बघू. खर्च म्हणजे फक्त फी नव्हे. शिकताना जो पगार बुडतो तो बऱ्याचदा फीपेक्षा मोठा असतो, आणि हिशेबात नेमका तोच राहून जातो. राहण्याखाण्याचा खर्च मात्र धरू नका, तो शिकलात तरी होणारच आहे. घर सोडून राहावं लागलं तर वाढीव भाग तेवढा धरा.

समजा, आज पदवीशिवाय मिळणारा वर्षाचा पगार 1 एकक आणि वर्षाची फी 0.5 एकक. तीन वर्षांत फीचे 1.5 आणि बुडालेल्या पगाराचे 3, एकूण 4.5. पदवीनंतर पगार 1.4 झाला तर वर्षाला 0.4 जास्त मिळतात. साधा भागाकार केला तर साधारण 11 वर्षांत वसुली. पण 8 टक्के व्याज धरा: 4.5 वर पहिल्याच वर्षी 0.36 व्याज होतं आणि मुद्दलातून फक्त 0.04 सुटतात. अशा चालीने पूर्ण फेडायला जवळजवळ 30 वर्षं लागतात. पगार 1.8 झाला तर तेच ओझं 8 वर्षांच्या आत उतरतं. वाढ दुप्पट, वसुली जवळजवळ चौपट लवकर. तुमचे खरे आकडे घालून हे एकदा स्प्रेडशीटमध्ये मांडाच. व्याजाचा दर बदलून बघा, आणि पदवी अर्धवट सुटली तर काय होतं तेही बघा.

जाहिरातींतल्या ‘गणित पदवीधरांच्या सरासरी पगारा’वर हा हिशेब उभा करू नका. त्या सरासरीत पुढे मास्टर्स, पीएचडी केलेलेही असू शकतात, आणि दोनचार गलेलठ्ठ पगार सगळी सरासरी वर ओढतात. कॉलेजला पहिल्या नोकरीचा मध्यक पगार (सगळे पगार चढत्या क्रमाने लावले की मधोमध येतो तो) विचारा, आणि किती जणांनी माहिती दिली तेही.

आता 1.4 की 1.8 हे कशावर ठरतं? डॉक्टरकी किंवा वकिलीसारखं गणिताच्या पदवीला स्वतःचं राखीव दार नाही. टोपॉलॉजी, अमूर्त बीजगणित, संख्या सिद्धांत, संमिश्र विश्लेषण एवढंच गुणपत्रकात दिसलं तर मुलाखत घेणाऱ्याला तुम्ही काय करू शकता हे कळत नाही. तेच संभाव्यता, संख्याशास्त्र, न्यूमेरिकल ॲनालिसिस, ऑप्टिमायझेशन आणि पायथन, एसक्यूएल (प्रोग्रॅमिंग आणि डेटाबेसच्या भाषा) जोडीला असलं की तोच माणूस कामाचा वाटू लागतो. ॲक्च्युअरी (विमा आणि पेन्शनमधल्या जोखमीचं गणित मांडणारा) व्हायचं मनात असेल तर संभाव्यता आणि व्याजगणितावरच्या सुरुवातीच्या व्यावसायिक परीक्षांपैकी एक तरी पदवीच्या आतच द्या. क्वांट फायनान्स (गणिती मॉडेल्सवर चालणारं वित्तक्षेत्रातलं काम), क्रिप्टोग्राफी (माहिती सांकेतिक रूपात सुरक्षित ठेवण्याचं शास्त्र), संशोधन या वाटांना बहुधा पदव्युत्तर शिक्षण लागतं, तेव्हा ती वर्षंही हिशेबात घ्या. शिक्षकी पेशाला बहुतेक ठिकाणी वेगळी पात्रता लागते.

कॉम्प्युटर सायन्सच्या तुलनेत पहिली नोकरी मिळवताना तुम्ही मागे असाल, हे खरं. गणिताची जमेची बाजू पुढे दिसते: गणितावरून संख्याशास्त्र, अर्थशास्त्र किंवा कॉम्प्युटरच्या मास्टर्सकडे वळणं उलट दिशेपेक्षा सोपं जातं. माझा कल म्हणून जोड पदवीकडे आहे: गणित आणि संख्याशास्त्र, किंवा गणित आणि कॉम्प्युटर.

पैसे भरण्याआधी मात्र एक गोष्ट तपासा. शाळेतलं गणित म्हणजे मुख्यतः आकडेमोड. पदवीचं गणित पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून सिद्धतांकडे वळतं, आणि गणितात पैकीच्या पैकी मिळवणारी मुलंही तिथेच अडखळतात. √2 अपरिमेय आहे याची सिद्धता न बघता लिहा. मग तीच सिद्धता √4 ला लावा आणि ती नेमकी कोणत्या ओळीवर मोडते ते शोधा. (√4 = क/ख धरलं की क चा वर्ग 4 ने भागला जातो, पण म्हणून क ही 4 ने भागला जाईलच असं नाही; क = 2 घेऊन बघा. 2 च्या बाबतीत ही अडचण येत नाही, कारण 2 मूळ संख्या आहे.) असल्या शोधात तासभर मजेत गेला तर पदवी पूर्ण होण्याची शक्यता चांगली. पहिल्या दहा मिनिटांत कंटाळा आला तर तुम्हाला आवडतं ते गणित कदाचित वेगळंच आहे, आणि ते कॉम्प्युटर सायन्समध्येही भरपूर मिळेल.

कर्ज कमी करायला गणितात तुलनेने वाव आहे. प्रयोगशाळा लागत नाही, आणि पहिल्या दोन वर्षांचा अभ्यासक्रम, म्हणजे कॅल्क्युलस, रेषीय बीजगणित, डिफरन्शियल इक्वेशन्स, बहुतेक सगळीकडे सारखाच असतो. महागड्या संस्थेत जास्तीचे पैसे ओळखींसाठी आणि भरती करणाऱ्या कंपन्यांसाठी जातात; त्या कंपन्या गणिताच्या मुलांनाही मुलाखतीला बोलावतात का, ते आधी विचारा. स्वस्त संस्थेत विचारायचा प्रश्न वेगळा: गृहपाठातल्या सिद्धता कोणी वाचून, चुका दाखवून परत देतं का? तसं होत नसेल तर वाचलेली फी पुढे शिकवण्यांवर जाते.