पळसाचा लाल फुटला असन तं

भाऊ, पळसाचा फोटो पाह्यला तुझा. फुलं नुसती केशरी प्लास्टिकसारखी दिसून राह्यली, पाकळीवरची मखमलच गेली, अन् तू ब्राइटनेस कमी केला म्हणून आभाळ उगाच मळकं झालं. अरे अख्खा फोटो ओव्हर (जास्त उजळ) नाहीच आहे, फक्त लाल चॅनल फुटला, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा भाग हद्दीपर्यंत भरून त्यातला बारकावा गेला. हिस्टोग्राममधी (फोटोतल्या उजेडाचा आलेख) आरजीबी, म्हणजे लाल-हिरवा-निळा, वेगवेगळे पाह्य, हिरवा-निळा मधातच असन पण लाल उजव्या भिंतीले चिपकला असन, म्हणजे २५५ वर, सगळ्यात वरच्या आकड्यावर. रॉ फाइल (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) असन तं एडिटिंगमधी आधी प्रोफाइल, म्हणजे रंगाची सेटिंग, भडक व्हिव्हिडवरून साध्या न्यूट्रलवर कर, बरंचसं काम तिथंच होते, मंग हायलाइट्स (उजळ भाग) खाली घे अन् एचएसएलमधी (एकेक रंग वेगळा बदलाची सेटिंग) ऑरेंज-रेडचं सॅच्युरेशन (भडकपणा) १५-२० नं उतरव, ल्युमिनन्स (उजळपणा) पण थोडं, पाकळीच्या शिरा दिसाले लागल्या का थांब. जेपेग (कॅमेऱ्यानंच दाबून तयार केलेली फाइल) असन तं खरं सांगतो, गेलेलं परत येत नाही, जास्त ओढलं का राखेसारखा रंग येते.

पुढच्या खेपेले मार्चच्या दुपारच्या उन्हात काढू नको, सकाळी ८ च्या आत जा, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्यात फोटो उजळ-गडद कराची सेटिंग) -०.७ ठेव. हळदीच्या कार्यक्रमात नवरीच्या गालावर पण हेच होते, तिथं ऑरेंजसोबत यलो पण पाह्य. रॉ असन तं पाठव, मी करून पाह्यतो.