आंबेमोहोर किती घ्यावा?

आंबेमोहोर तांदळाचा साठा पहिल्यांदाच करत असाल, तर मार्केट यार्डातून एकदम तीस किलोचं पोतं उचलू नका. दोघांच्या घरात रोज एक वाटी तांदूळ लागत असेल, तर महिन्याला साधारण पाच किलो होतात. आंबेमोहोर फक्त वरणभाताला आणि सणावाराला, रोजच्याला इंद्रायणी, असं ठेवलंत तर दोन किलोही पुरतात. मुळशी-मावळचा नवा तांदूळ दिवाळीनंतर येतो, तेव्हा दोन-तीन महिन्यांचा घ्या. घेताना मूठभर तळहातावर चोळून वास घ्या. तुकडा फार असेल तर सोडून द्या. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, नाहीतर भात गिचका होतो.

हा वास उडून जाणारा असतो, म्हणून ऊन अजिबात दाखवू नका, दाणाही तडकतो. घट्ट झाकणाचा, कोरडा स्टीलचा डबा, गॅसपासून लांब. आठवड्यापुरता तांदूळ लहान डब्यात काढून ठेवा, मोठा डबा सारखा उघडायचा नाही. जूनच्या आत साठा संपवलेला बरा, पावसाळी दमटपणात टोके होतात. उरलाच तर पिशवीत बंद करून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, अंडी मरतात. बाहेर काढल्यावर मात्र पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, दाण्यांवर पाणी सुटतं.