सोशल लॉगिनची, म्हणजे गूगल, फेसबुक यांच्या खात्याने साइटवर शिरण्याची, पद्धत बदलली की दर वेळी फ्रेमवर्कच्या कोडमध्ये हात घालावा लागतो. यावर टिकाऊ उपाय कोणता?

आपल्या प्रश्नाचा आशय मी असा समजलो: दापोलीजवळच्या घरगुती निवासांचे बुकिंग घेणारी साइट आपण लाराव्हेल या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे वेबसाइट बांधण्याच्या तयार चौकटीत, केली आहे, तिच्यावरचे गूगल लॉगिन जुन्या जावास्क्रिप्ट बटणावर चालत होते, ते बंद पडले, आता पाहुणे ॲपलचे लॉगिनही मागत आहेत, आणि दर बदलाला लॉगिनचा सगळा कोड उसवावा लागतो म्हणून सोशल लॉगिन काढूनच टाकावे का, असे आपण विचारता. मी देवगडात हापूसची आगाऊ मागणी नोंदवणारी एक साइट काही वर्षे सांभाळत आहे आणि या सगळ्यातून गेलो आहे. माझे मत असे की लॉगिन काढू नये आणि फ्रेमवर्कच्या आतल्या कोडलाही हात लावू नये. प्रोव्हायडरकडून, म्हणजे लॉगिन पुरवणाऱ्या गूगल-ॲपलसारख्या कंपनीकडून, येणारी माहिती साइटमध्ये जिथून शिरते ती जागा मात्र एकच ठेवावी.

सुरुवात बटणापासून नव्हे, डेटाबेसपासून करा. आमच्या साइटवर ग्राहकाची ओळख ईमेलवरून ठरत असे, आणि ही आमचीच चूक होती. मुंबईचे एक नेहमीचे ग्राहक एका हंगामात ॲपलमधून आले, त्यांनी ‘ईमेल लपवा’ हा पर्याय निवडला, आणि आमच्याकडे त्यांच्या खऱ्या पत्त्याऐवजी ॲपलने तयार केलेला, टपाल पुढे पाठवणारा पत्ता आला. साइटने त्यांना नवा ग्राहक मानले आणि आगाऊ पैसे भरलेल्या पाच डझनांच्या दोन पेट्या त्यांना कुठेच दिसेनात. त्या दिवशी मी ग्राहकांच्या टेबलातून ओळख वेगळी काढली. ‘ओळखी’ या नव्या टेबलात तीनच गोष्टी ठेवल्या: प्रोव्हायडरचे नाव, त्याने दिलेला न बदलणारा क्रमांक आणि आपल्या ग्राहकाचा क्रमांक. पहिल्या दोन मिळून एकमेव असल्या पाहिजेत, ही अट डेटाबेसलाच घातली. ओपनआयडी कनेक्ट या लॉगिनच्या प्रमाणित पद्धतीत या न बदलणाऱ्या क्रमांकाला ‘सब’ म्हणतात आणि ओळखीसाठी तोच वापरायचा असतो. ईमेल ही केवळ संपर्काची सोय आहे. दोन ओळखींचा ईमेल सारखा दिसला म्हणून त्या आपोआप जोडू नका, कारण प्रोव्हायडरने तो ईमेल पडताळलेला नसेल तर दुसऱ्याच्या खात्यात शिरण्याची वाट आपणच करून दिल्यासारखे होईल. आधी जुन्या मार्गाने लॉगिन करू द्यावे आणि मग नवी ओळख जोडू द्यावी.

त्यानंतर प्रत्येक प्रोव्हायडरसाठी एक लहानसा वर्ग (क्लास, म्हणजे कोडचा स्वतंत्र भाग) लिहा, जो त्याच्या उत्तरातून क्रमांक, नाव, ईमेल आणि ईमेल पडताळला आहे की नाही एवढेच काढून देईल. बाकीच्या साइटला गूगल किंवा फेसबुक हे शब्द ठाऊकच नसावेत. याचे महत्त्व जुन्या बदलांकडे पाहिले की पटते. ग्राफ एपीआय या फेसबुककडून माहिती मागण्याच्या सोयीच्या २.४ आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, नाव आणि क्रमांक यांपलीकडची माहिती स्वतंत्रपणे मागितल्याशिवाय येत नाही. लिंक्डइनने २०२३ मध्ये जुने लॉगिन मागे ठेवून ओपनआयडी कनेक्टवर आधारलेले लॉगिन आणले, तेव्हा परवानग्यांची नावेच बदलली. असे बदल त्या एका वर्गात मावतात.

आपल्या गूगलच्या बटणाचे कारण वेगळे आहे. जुनी लायब्ररी ‘हा माणूस कोण’ आणि ‘त्याच्या माहितीला हात लावण्याची परवानगी’ या दोन्ही गोष्टी एकत्र देत असे. ती मार्च २०२३ अखेर बंद होईल असे गूगलने आधीच जाहीर केले होते, आणि तिच्या जागी आलेल्या गूगल आयडेंटिटी सर्व्हिसेसमध्ये या दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. मात्र हा बदल ब्राउझरमधल्या लायब्ररीपुरता होता. ज्यांचे लॉगिन सोशलाइट या लाराव्हेलच्या सोशल लॉगिनच्या पॅकेजमधून, म्हणजे सर्व्हरवरून गूगलकडे पाठवून परत येण्याच्या पद्धतीने चालत होते, त्यांना तो जाणवलाही नाही. म्हणून आपण बटण साधे ठेवा आणि त्यामागे सर्व्हरवरचीच वाट वापरा. नवे बटणच हवे असेल तर त्यातून येणाऱ्या टोकनची, म्हणजे ओळखीच्या दाखल्याची, सही, ते कोणी दिले, कोणासाठी दिले आणि त्याची मुदत हे चारही सर्व्हरवर तपासल्याशिवाय कोणालाही आत घेऊ नका.

खरी परीक्षा ॲपलची आहे. नाव किंवा ईमेल मागितले की ॲपल आपल्या साइटवर परत येताना साध्या दुव्याने येत नाही, तर फॉर्म पोस्ट करून येते. लाराव्हेलची सत्राची कुकी, म्हणजे चालू भेट लक्षात ठेवणारी ब्राउझरमधली नोंद, ‘सेमसाइट लॅक्स’ असते आणि परक्या साइटवरून आलेल्या पोस्टबरोबर ब्राउझर ती पाठवत नाही. त्यामुळे लॉगिन सुरू करताना पडताळणीसाठी सत्रात ठेवलेली खूण, म्हणजे ‘स्टेट’, सापडत नाही आणि सोशलाइट ‘इनव्हॅलिड स्टेट’ म्हणून थांबते. आमच्याकडे तर नवे सत्र जुन्यावर बसल्यामुळे ग्राहकाने निवडलेल्या पेट्याही गेल्या. यावर ‘स्टेटलेस करून टाका’, म्हणजे स्टेटची तपासणीच बंद करा, असा सल्ला आपल्याला पुष्कळ ठिकाणी मिळेल. नुसते तेवढे करू नका. ती तपासणी दुसऱ्याने सुरू केलेले लॉगिन आपल्या ग्राहकाच्या गळ्यात पडू नये म्हणून असते. मी पाच मिनिटांची एक वेगळी कुकी केली, तिलाच तेवढे ‘सेमसाइट नन’ (परक्या साइटवरून येतानाही जाणारी) आणि ‘सिक्युअर’ (फक्त सुरक्षित जोडणीवर जाणारी) केले, तिच्यात स्टेट ठेवली आणि परत आल्यावर ती स्वतः जुळवून पाहिली. सोशलाइटची तपासणी बंद केली ती त्यानंतर. परतीची ती एकच वाट सत्राच्या आणि सीएसआरएफच्या (परक्या साइटवरून आलेल्या बनावट विनंत्या अडवणाऱ्या) मिडलवेअरमधून, म्हणजे दर विनंतीआधी चालणाऱ्या कोडमधून, वगळली, आणि मुख्य सत्राची कुकी होती तशीच कडक ठेवली. आणखी एक गोष्ट: ॲपल ग्राहकाचे नाव फक्त पहिल्या संमतीच्या वेळी देते, तेव्हा ते त्याच क्षणी जपून ठेवा. ॲपलसाठीचे क्लायंट सीक्रेट, म्हणजे आपली साइट खरी आहे हे ॲपलला पटवणारी गुप्त किल्ली, जास्तीत जास्त सहा महिने चालते, म्हणून ते नव्याने करण्याचे काम वेळापत्रकात घाला, कोणाच्या आठवणीवर सोडू नका.

आपल्याकडचे पाहुणे बहुधा समाजमाध्यमावरचा समुद्राचा फोटो पाहून दुव्यावर येतात, आणि तो दुवा त्या ॲपच्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडतो. अशा अंतर्भूत ब्राउझरमधून लॉगिन करू न देणे हे गूगलचे सुरक्षेचे धोरण आहे, आणि ते योग्यच आहे. म्हणून तिथे ‘हे पान ब्राउझरमध्ये उघडा’ असा मराठीत स्पष्ट मजकूर दाखवा आणि शेजारी ईमेलवर एकदाच चालणारा दुवा पाठवण्याची सोय द्या. प्रोव्हायडर नसतानाही चालणारे असे एक दार प्रत्येक साइटला असावेच.

कामाचा क्रम मी असा ठेवीन: पावसाळ्यात बुकिंग थंड असताना, गणपतीच्या गर्दीआधी ओळखींचे टेबल करून सध्याचे ग्राहक त्यात न्यावेत, मग गूगल सर्व्हरवरच्या वाटेने आणावे आणि शेवटी ॲपल जोडावे. ग्राहकांच्या टेबलात आधीपासून गूगल क्रमांकाचा स्तंभ असेल तर तो मात्र दिवाळी आणि नाताळ या दोन्ही गर्दी पार पडेपर्यंत काढू नका. आम्हाला तो जानेवारीत एकदा लागला होता.